चौथ्या टाकीतला पाहुणा

दारातच मिचिकोबाईंनी विचारलं, "आज कुणी दही खाल्लंय का?"

यतीनने शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. "दहीभात. वर लिंबाचं लोणचं."

"मग तुम्हाला टाकीघरात येता येणार नाही. माफ करा." मिचिकोबाई कमरेत किंचित वाकल्या. साठीच्या असाव्यात. "दह्यातले जंतू कपड्यांवरून, श्वासातून आत येतात आणि आमचं आंबवण बिघडवतात. कारखाना छोटा आहे. एक टाकी गेली की आमचा हिवाळाच गेला."

"आई, तुमच्या सोवळ्यापेक्षा कडक आहे हो हे," यतीन मराठीत म्हणाला.

"माझं कुठलं सोवळं?" शरयू म्हणाली. "शनिवार तेवढा करते."

यामिनीनेही त्याच डब्यातला दहीभात खाल्ला होता, त्यामुळे तीही बाद झाली. शरयूचा उपास होता. सकाळपासून पोटात दोन केळी आणि काळी कॉफी, एवढंच होतं. म्हणजे ज्या बाईने एकाहत्तर वर्षांत दारूचा थेंब चाखला नव्हता, तिलाच तेवढी दारूच्या टाक्यांपर्यंत जायची मुभा मिळाली. यतीन यावर बराच वेळ हसला.

ही सहल यामिनीने आईच्या वाढदिवसासाठी बुक केली होती. ती आणि तिचा नवरा यतीन त्यासाठी लांबच्या मॉरिसव्हिलहून आठ तास गाडी चालवत आले होते. शरयूने न्यू जर्सीत सरकारी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं पाणी तपासलं होतं. वेस्ट विंडसरच्या घरातून निघून डेलावेअर नदी ओलांडली की तासाभरावर पेनसिल्वेनियाच्या चुनखडीच्या टेकड्या लागतात. तिथे एक जपानी कुटुंब झऱ्याच्या पाण्यावर साके, म्हणजे तांदळाची दारू करतं, हे यामिनीने कुठेतरी वाचलं होतं. "आई, दारूचं सोड," ती फोनवर म्हणाली होती, "पाणी बघ. तुझं डिपार्टमेंट."

आधी झरा दाखवला. टेकडीच्या पोटातून, दोन खडकांच्या फटीतून पाणी येत होतं. मार्चची थंडी होती, काठावर बर्फाचे पापुद्रे होते. मिचिकोबाईंनी लाकडी पळीने प्रत्येकाच्या हातावर पाणी घातलं. शरयूने ते जिभेवर धरून ठेवलं. लोह नाही. कॅल्शियम भरपूर. मागे आणखी काहीतरी होतं, गोडसर आणि ओळखीचं, पण नाव सापडेना.

मग ओसरीत बसवून मिठाई दिली. काळ्या बशीत पाण्याचा एक मोठा थेंब ठेवल्यासारखा दिसत होता. बशीची खालची नक्षी त्यातून आरपार दिसत होती.

"झऱ्याचं पाणी आणि समुद्रशेवाळाचा चिमूटभर अर्क," मिचिकोबाई म्हणाल्या. "बाकी काही नाही. अर्ध्या तासात याचं पुन्हा पाणी होतं, तेव्हा लवकर खा."

"पाण्याचा लाडू!" यतीन म्हणाला. "आई, उपासाला चालतो. शेवाळ म्हणजे आमच्या नागपूरच्या भाषेत फळच."

"नागपूरला समुद्र कधी आला?" यामिनी म्हणाली.

शरयूने सोबतचा गूळपाक बाजूला सारला आणि नुसता थेंब चमच्याने खाल्ला. जिभेवर तो क्षणभर राहिला आणि विरघळला. पुन्हा तीच चव आली. बशीत काही उरलं नाही याचं तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचं नवल.

टाकीघराच्या बाहेरच्या भिंतीवर पाण्याचे रिपोर्ट लावले होते. पाहुणे तिथे थांबत नसावेत. शरयू चष्मा सारखा करून थांबली. दर तीन महिन्यांचा नमुना, २०१६पासूनचा. लोह, कॅल्शियम, पोटॅशियम, नायट्रेट, सगळं जिथल्या तिथे. फॉस्फेट मात्र मार्च २०२०पर्यंत लिटरला ०.०२ मिलिग्रॅम होतं. जूनमध्ये १.९. सप्टेंबरमध्ये १.९. त्यानंतर आजवर प्रत्येक ओळीत १.९.

"याच्यामुळेच आमची साके चांगली झाली," मिचिकोबाई मागून म्हणाल्या. "यीस्टला फॉस्फेट लागतं. जपानात अशा पाण्यासाठी लोक जीव टाकतात. आम्हाला ते आपोआप मिळालं."

"शेतातलं खत असेल वरच्या अंगाला."

"शेतच नाही. पाणी कुठून येतं ते आम्ही शोधून काढलंय." त्यांनी शेजारचा नकाशा दाखवला. टेकडीच्या पलीकडे एक ओढा होता, त्यावर छोटा लाकडी पूल. पुलापासून खालच्या अंगाला पाव मैलावर ओढ्याची निळी रेघ एका काळ्या ठिपक्यात संपत होती. "इथे जमिनीत विवर आहे. ओढा त्यात शिरतो आणि नाहीसा होतो. आम्ही पुलावरून हिरवा रंग सोडला. अकराव्या दिवशी आमचा झरा हिरवा झाला."

शरयू त्या पुलाकडे बघत राहिली.

एप्रिल २०२०मध्ये ती त्या पुलावर उभी होती. एकटी. तिचे यजमान पुरुषोत्तम हॉस्पिटलात गेले ते परत आले नाहीत. राखेचा डबा तिला पार्किंगमध्ये, गाडीच्या खिडकीतून मिळाला. विमानं बंद होती, समुद्रकिनारे बंद होते, यामिनी मॉरिसव्हिलमध्ये अडकली होती. या ओढ्याकाठी ते दोघं एकदा जेवणाचा डबा घेऊन आले होते. ओढा पुढे डेलावेअरला मिळत असणार आणि डेलावेअर समुद्राला, असं धरून तिने राखेचा डबा पाण्यात रिकामा केला. नकाशा बघितला नाही. जन्मभर लोकांना "सोर्स तपासा, आउटलेट तपासा" म्हणणाऱ्या बाईने त्या एका दिवशी तपासलं नाही. रात्री फोनवर यामिनीने विचारलं, "बाबा समुद्राला मिळतील ना गं?" आणि तिने "हो" म्हणून सांगितलं. त्या 'हो'वर यामिनी पाच वर्षं निवांत होती.

शरयूने हिशेब मांडला, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. झरा सेकंदाला तीन लिटर, म्हणजे वर्षाला साडेनऊ कोटी. त्या पाण्यात इतकं फॉस्फेट राहायचं तर वर्षाला एकशेऐंशी किलो पडायला हवं. एका माणसाच्या राखेतून निघेल फार तर किलोभर. तेही चुनखडीत केव्हाच अडकून बसायला हवं होतं. एका माणसाचं हे काम नव्हतं. पण आकडा खालीही येत नव्हता. काहीतरी तिथे थांबलं होतं आणि वाहून जायला तयार नव्हतं.

"चला," मिचिकोबाईंनी तिला पांढरा डगला आणि टोपी दिली. काचेपलीकडून यतीनने अंगठा उंचावला.

आत सहा स्टीलच्या टाक्या होत्या. पिकल्या केळ्यांचा वास दाटून राहिला होता. आंबवणीतून हा वास का येतो ते शरयूला ठाऊक होतं, त्या द्रव्याचं नावही ठाऊक होतं, आणि ते नाव मनात म्हटल्यावर तिला जरा बरं वाटलं. टाक्यांमधून भात रटरटल्यासारखा बारीक आवाज येत होता.

चौथ्या टाकीशी तो बदलला.

टक्-टक्. मग एक श्वास जाईल एवढी विश्रांती. टक्.

शरयूचा हात जिन्याच्या कठड्यावर होता, तो तिथेच राहिला.

पुरुषोत्तम पुलांचे इंजिनिअर. जाता येता वस्तू बोटाच्या सांध्याने ठोकून बघायची सवय. खिशात किल्ली असली तरी घराचं दार ते उघडत नसत, ठोकत. दोन, विश्रांती, एक. आणि ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "आले, आले." पंचेचाळीस वर्षं.

"पाईपमधली हवा," ती म्हणाली.

"आम्हीही तेच म्हटलं. पाईप बदलले, व्हॉल्व बदलले. आधी तो पहिल्या टाकीत होता. ती रिकामी केली तर दुसरीत वाजायला लागला. मग तिसरीत. हिवाळ्यातलं पहिलं पाणी जिथे भरू तिथे असतो. साके बाटलीत जाते, लोक पितात, कुणाची तक्रार नाही. हा मात्र इथेच." मिचिकोबाई हसल्या, पण टाकीपासून जरा लांबच उभ्या होत्या. "आम्ही त्याला पाहुणा म्हणतो. माझे मिस्टर म्हणतात, त्याला आत यायचंय. मला वाटतं, त्याला बाहेर पडायचंय."

टक्-टक्. टक्.

"आले," शरयूच्या तोंडून गेलं. "आले, आले."

आवाज थांबला. नुसता तो नव्हे. सहाही टाक्यांची रटरट एकदम बंद झाली. मिचिकोबाईंनी तिच्याकडे पाहिलं. किती वेळ गेला कळलं नाही. मग भात पुन्हा शिजू लागला, पण ठोकणं पुन्हा आलं नाही.

बाहेर चव घ्यायचं टेबल मांडलं होतं. यतीनने तीन प्रकार आधीच चाखले होते आणि तो चौथ्यावर तज्ज्ञासारखा बोलत होता. शरयू खुर्चीत बसली आणि मिचिकोबाईंना म्हणाली, "मला चौथ्या टाकीतली हवी. न गाळलेली."

"आई!" यामिनी म्हणाली. "काय करतेयस? शनिवार आहे आज!"

"ठाऊक आहे."

"अगं, तांदळाची आहे. आणि दारू आहे."

"तेही ठाऊक आहे."

या खेपेला तिने सगळी साखळी तपासली होती, टाकीघरापासून या खुर्चीपर्यंत येता येता. माणूस जे पितो ते अंगात राहत नाही. वेस्ट विंडसरच्या घरातून ते गटारात जातं, तिथून शुद्धीकरणाच्या प्लँटमध्ये, तिथून मिलस्टोन नदीत, मग रॅरिटनमध्ये, मग समुद्रात. या वाटेवर कुठे विवर नाही. एवढे लोक पिऊन गेले, पण त्यांच्याबरोबर पाहुणा का निघावा? ते परके होते.

मिचिकोबाईंनी ताकासारखी पांढरट साके बोटभर उंचीच्या पेल्यात आणून दिली. शरयूने ती तीनदा घेतली, तीर्थासारखी. शेवटी पेला पुसून पालथा केला.

"अहो आई, चिअर्स तरी म्हणा," यतीन म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्याने आपला पेला खाली ठेवला.

परतताना डेलावेअरच्या पुलावर यामिनीने विचारलं, "कशी होती गं?"

"केळ्यासारखी."

"बाबा असते तर हसून हसून मेले असते."

"हं," शरयू म्हणाली. यामिनीला काय सांगायचं ते पुरुषोत्तम समुद्राला पोचल्यावर सांगू, असं तिने ठरवलं.

एप्रिलच्या शेवटी मिचिकोबाईंचा मेल आला. पाहुणा त्या दिवसापासून गप्प होता. नव्या नमुन्यात फॉस्फेट ०.०२ निघालं होतं. सोबत रिपोर्ट जोडला होता. 'तुम्ही पाण्यातल्या जाणकार आहात. काय झालं असेल?'

शरयूने उत्तर लिहिलं की वरच्या अंगाला कुणीतरी खत टाकलं असावं, ते आता वाहून संपलं असावं. खत असतं तर नायट्रेटही वाढलं असतं, हे तिला ठाऊक होतं. आकड्यांना न पटणारं वाक्य तिने नोकरीत कधी लिहिलं नव्हतं. ते पाठवून ती गाढ झोपली. पाच वर्षांत पहिल्यांदा.

मे महिन्यात नेहमीची रक्ततपासणी झाली. डॉक्टर राजीव तिच्या मुलासारखे. त्यांनी फोन केला. "काकू, फॉस्फरस वाढलाय. सहा पॉइंट एक. किडनी ठणठणीत आहे, बाकी सगळं नॉर्मल. लॅबची चूक असेल, पुन्हा करू."

जूनमध्ये ६.१. दुसऱ्या लॅबमध्ये ६.१. दूध, दाणे, डाळी बंद करून महिन्याने पुन्हा केली. ६.१.

"आकडा हलत कसा नाही?" राजीव म्हणाले. "रक्त आहे, काकू. थोडंफार वरखाली व्हायलाच हवं."

"हो," शरयू म्हणाली. "व्हायला हवं."

तो शेवटचा रिपोर्ट पर्समध्ये घालून ती दुपारी घरी आली. गल्लीत कुणी नव्हतं. गाडीपासून दारापर्यंतची अकरा पावलं चालताना तिला कळलं की तिने वाट बरोबर तपासली होती, पण ज्याच्यासाठी तपासली त्याला विचारलं नव्हतं. समुद्र तिचा होता, यामिनीचा होता. पुरुषोत्तमांनी समुद्राचं नाव कधी घेतलं नव्हतं. ती विशिष्ट टकटक त्यांनी आयुष्यभर एकाच दारावर केली होती.

किल्ली तिच्या डाव्या हातात होती. ती कुलपाला लावायची, एवढंच करायचं होतं. पण उजवा हात वर गेला. बोटाचा सांधा लाकडावर पडला, तिने पाडला असं तिला म्हणता आलं नसतं.

टक्-टक्. एक श्वास. टक्.

घरात कुणी नव्हतं. सकाळी बाहेर पडताना दिवे, गॅस, मागचं दार, सगळं तिने स्वतः बघितलं होतं. तरी ती उभी राहिली, थांबायची सवय असलेल्या माणसासारखी, एका पायावर भार देऊन.

आत स्वयंपाकघराकडून चपलांचा आवाज आला. मग तिचाच आवाज, चाळीस वर्षांनी तरुण.

"आले, आले."