आरशांचा सदरा

दिग्रसच्या जिनिंगसमोर उभ्या गाड्यांतला कापूस चोरणारी पोरं पोलिसांनी धरली, हे सुखीबाईच्या कानावर आलं. तिचा नेमसिंग त्याच टोळक्यात हिंडायचा. बापानं चाबकानं फोडून काढलं, तरी पालथ्या घड्यावर पाणी. ती धावतच निघाली, तर कार्टं तांड्याबाहेर बाभळीखाली फुरंगटून बसलेलं.

"तू नाही गेलता?"

"त्यायनं नेलंच नाही, याडी! म्हणे, तुह्या सदऱ्यावरचे आरसे उन्हात लांबून चमकतात, आपल्याले पकडून देशील. काहून टाचले तू? काढ ते!"

"काढतो रे बाप्पा, काढतो!" सुखीबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

मग घरी येऊन तिनं सुई ओवली, आपल्या घागऱ्याचे आरसे उसवले आणि त्याच्या सदऱ्याच्या पाठीवरही टाचले.