कॅनव्हासखालचं दार

थोरला लेक कामावरून आला तेव्हा त्याच्या कपाटाला एक दार नव्हतं. इस्त्रीचे शर्ट उघड्यावर पडले होते, बिजागरीचे स्क्रू बशीत काढून ठेवले होते आणि खोलीच्या मधोमध, त्या दारावर, त्याची आई मांडी घालून बसली होती.

आजारपणानंतर आईचा उजवा हात थरथरायचा. तेवढं निमित्त पुरलं. चित्रं बिघडली की उगाच मनाला लावून घेईल, म्हणून लेकाने तिला न विचारता कॅनव्हास ताणायच्या तिच्या लाकडी चौकटी भंगारात देऊन टाकल्या. वर आईची किती काळजी घेतो म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून शाबासकीही मिळवली. कॅनव्हासची गुंडाळी तेवढी वाचली, कारण ती त्याला पडद्याचं कापड वाटली.

खरं तर चौकटीवर ताणलेला कॅनव्हास आता तिलाही नकोच होता. हात टेकला की तो दबायचा आणि रेघ भलतीकडे पळायची. तिला मागे काहीतरी टणक हवं होतं, मनगट बिनघोर टेकता येईल असं. घरात तशी सपाट, जाड फळी एकच होती आणि ती लेकाचे शर्ट राखत बसली होती. तिने दार उतरवलं, त्यावर गोंद फासला, कॅनव्हास अंथरला आणि मधून कडेकडे लाटणं फिरवत हवा बाहेर काढली. मग दार पालथं घातलं. आता वर वजन हवं होतं. घरात सगळ्यात जड तीच होती.

लेकाने आधी समजावलं, मग आवाज चढवला. लोक काय म्हणतील, तेही झालं. ती जागची हलली नाही.

"आई, ऊठ. ब्रश तरी धरवतो का तुला?"

"हात थरथरतो तर थरथरू दे. रेघ वाकडी आली तर ती माझी वाकडी रेघ. ती भंगारात घालायला तुला कुणी सांगितलं?"

तिने जेवणही तिथेच मागवलं, त्याने मुकाट आणून दिलं.

गोंद वाळल्यावरच ती उठली. पायांना मुंग्या आल्या होत्या. दार उलटलं तर कुठे फुगा नाही की सुरकुती नाही. मनगट टेकून तिने कोळशाने रेघ ओढली. रेघ थरथरली, पण पळाली नाही. तिला रडू आलं आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही.

"सुताराला बोलावतो," लेक पडेल आवाजात म्हणाला. "नवीन दार करून घेऊ."

"दोन सांग," ती म्हणाली. "दुसरंही मला लागणार आहे."