सून सरकारी पक्षात, सासू मोर्चात

माझी सून चित्रा निवडणुकीला उभी राहिली आणि मी तिच्या विरोधात प्रचार केला. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मध्येच कुणी तोंडाला पदर लावायला नको. भांडण वगैरे काही नव्हतं. सकाळचा चहा ती करायची, भाजी मी चिरायची, आणि संध्याकाळी ती सरकारी पक्षाचा बिल्ला लावून एका गल्लीत जायची, मी मोर्चेवाल्यांचा बिल्ला लावून दुसरीत. जेवायला दोघी घरी. जेवताना राजकारण काढायचं नाही, एवढा एक नियम माझ्या मुलानं, प्रतापनं, घालून दिला होता.

आमचं गाव आयर्लंडमध्ये, वॉटरफोर्ड शहरापासून तासाभरावर. नाव सांगत नाही, गावाची त्यात काय चूक. प्रताप मिरजेला डॉक्टर झाला आणि इथल्या छोट्याशा सरकारी इस्पितळात तातडीच्या विभागात लागला. हे गेल्यावर त्यानं मलाही सांगलीहून उचलून इथं आणलं. चित्रा घरगुती डब्यांचा आणि पार्ट्यांच्या ऑर्डरींचा धंदा करते. अर्धं गाव तिला बटाटेवड्यांमुळे ओळखतं आणि उरलेलं अर्धं प्रतापमुळे, म्हणून सत्ताधारी पक्षानं तिला कौन्सिलचं तिकीट दिलं. इथं गावच्या निवडणुकीत उभं राहायला आणि मत द्यायला नागरिक असावं लागत नाही, राहता पत्ता पुरतो. तिकीट मिळालं त्या दिवशी मी खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्या.

त्या वड्या संपायच्या आत सरकारनं नवी आरोग्य योजना जाहीर केली. लहान इस्पितळांतले तातडीचे विभाग रात्री बंद. संध्याकाळनंतर छातीत दुखलं तर वॉटरफोर्डला जायचं, तिथं मोठे डॉक्टर आहेत, मोठी यंत्रं आहेत. कागदावर सगळं झकास. पण तासभर रस्ता, त्यात पाऊस, आणि गाडी चालवणारं कुणी नसेल तर काय, हे मंत्र्यांनी सांगितलं नाही. गाव असं पेटलं की विचारू नका. रेडिओवर पाहणीचे आकडे यायचे आणि प्रत्येक वेळी सरकार आणखी थोडं घसरलेलं असायचं. डब्लिनमधले मंत्री म्हणायचे, आम्ही लोकांचं ऐकत आहोत. ऐकून घ्यायचं काम मात्र दारोदार फिरणाऱ्या चित्राच्या वाट्याला आलं.

"आई, आज एकानं दार उघडलं, माझं पत्रक घेतलं, फाडलं, आणि थँक यू म्हणून परत दिलं," ती एकदा सांगत होती.

"मग सोड तो पक्ष. अपक्ष उभी राहा, इस्पितळाच्या बाजूनं बोल. प्रतापची बायको म्हणून डोळे झाकून निवडून येशील."

"नाही सोडणार," ती म्हणाली आणि कणीक मळायला लागली. का नाही, ते सांगितलं नाही. मला वाटलं, हिला खुर्चीचा मोह झाला. तसं मी सांगलीच्या बहिणीला फोनवर बोललेसुद्धा.

मी मोर्चात गेले ती ब्रीडामुळे. ब्रीडा आमची शेजारीण, माझ्याच वयाची. इथल्या बायका चहाला नको म्हणतात, आग्रह केला की पुन्हा नको म्हणतात, आणि तिसऱ्यांदा विचारलं की बसतात. म्हणजे आपल्यासारख्याच. त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. गेल्या हिवाळ्यात तिला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा प्रताप ड्यूटीवर होता. तो नसता तर ब्रीडा नसती, हे ती स्वतः बसस्टॉपवर अनोळखी माणसालाही सांगते. योजना जाहीर झाल्यावर ती तडक उठली आणि "रात्रीचं दार उघडं ठेवा" म्हणत अपक्ष उभी राहिली. माझ्या मुलानं जिला वाचवलं तिच्यासाठी मी फिरायचं नाही तर कुणासाठी? आमच्या फाटकासमोरच्या खांबावर चित्राचा फोटो होता आणि त्याच्या खाली ब्रीडाचा. नात स्वरांगी शाळेतून येताना दोघींना हात करायची. "आजी, ही तर धमाल आहे," असं ती इंग्रजीत म्हणायची. गावालाही मजा वाटत होती. सासू एका बाजूला आणि सून दुसऱ्या बाजूला, ह्यावर पबमध्ये पैजा लागल्याचं ब्रीडानं मला सांगितलं, आणि मला जरा बरंच वाटलं.

मग चर्चच्या हॉलमध्ये मोठी सभा झाली. स्थानिक रेडिओवालेही आले होते. ब्रीडा बोलली, दोनचार जण बोलले, आणि तिनं अचानक माईक माझ्या हातात दिला. "ही आपल्या डॉक्टरची आई. सुमित्रा, तू बोल."

मी वर्षानुवर्षं शाळेत शिकवलं, माईकला घाबरत नाही. इंग्रजी माझं मोडकं, पण मुलाचं कौतुक करायला कितीसं इंग्रजी लागतं? मी म्हणाले, "माझा मुलगा तिथं रात्री एकटा असतो. एकटा. वरचा डॉक्टर नाही, जोडीला डॉक्टर नाही. एकदा दोन पेशंट एकदम आले, हा ह्या खाटेवरून त्या खाटेवर पळत होता. सकाळी घरी येतो, डोळे लाल, थोडा पडतो न पडतो तोच परत बोलावतात. पुन्हा जातो. तक्रार नाही. एक माणूस सगळं गाव सांभाळतो. असा विभाग तुम्ही बंद करणार?"

हॉल शांत झाला. मला वाटलं, भारावले. मी मान ताठ करून खाली बसले. ब्रीडानं माझा हात धरला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर माझं भाषण लागलं आणि त्यामागोमाग कुणीतरी विचारलं, जिथं रात्रभर एकच, न झोपलेला डॉक्टर असतो, तिथं तुम्ही तुमच्या आईला न्याल का? ऐकता ऐकता माझी गॅसवरची फोडणी करपली. विभाग वाचवायला म्हणून मी जे जे अभिमानानं सांगितलं होतं, ते सगळं सरकारच्या बाजूनं गेलं होतं. मंत्री महिनाभर जे पटवू शकले नव्हते ते मी मुलाचं कौतुक करता करता पटवून दिलं होतं.

दुपारी चित्राच्या पक्षाचा कॉनर धावत आला. तिचा प्रचार तो बघायचा. तो इतका खूश होता की मलाच मिठी मारायला निघाला. "चित्रा, हे सोनं आहे. तुझ्याच सासूचा आवाज. आज संध्याकाळपासून सगळ्यांच्या फोनवर पाठवू. तू फक्त एवढंच म्हण की हो, माझ्या घरातलंच आहे हे. सीट तुझी."

प्रतापला इस्पितळातून फोन येऊन गेला होता. आईचा काहीतरी गैरसमज झाला, असं दोन ओळीत लिहून द्या, म्हणाले होते. तो टेबलाशी बसून होता. चित्रानं त्याच्याकडे पाहिलं आणि कॉनरला म्हणाली, "नाही पाठवायचं."

"अगं, पण खरं आहे की नाही?"

"खरं आहे म्हणूनच. तो माझा नवरा आहे. तुमच्या पत्रकावरचा मजकूर नाही."

कॉनरनं खूप समजावलं. शेवटी "ग्रँड" म्हणाला, म्हणजे इथं काहीच ठीक नसलं तरी म्हणतात तसं, आणि गेला. तो गेल्यावर मी प्रतापपुढे जाऊन उभी राहिले. "चुकलं माझं. लिहून दे त्यांना, म्हातारीला काही कळत नाही म्हणून."

"तू खोटं कुठं बोललीस?" तो म्हणाला. "आई, मला भीती वाटते गं तिथं. रात्री दाराशी गाडी थांबली की आधी मागं दुसरी नाही ना, ते बघतो. एक पेशंट असला तर मी बघेन. दोन आले तर कुणाकडे आधी जायचं, ते मला एकट्याला ठरवावं लागतं. ब्रीडा आली त्या रात्री दुसरं कुणी आलं नाही. आलं असतं, तर मला माहीत नाही काय झालं असतं."

माझा मुलगा चाळिशीचा आहे. लहानपणी अंधारात विहिरीपर्यंत एकटा जायचा, असं मी अजून लोकांना सांगते. मी चित्राकडे बघितलं. "तुला हे ठाऊक होतं?"

"म्हणून तर मी त्या पक्षात राहिले, आई," ती म्हणाली. "मला योजना पटते. मी दारादारात सांगू काय? माझा नवरा घाबरतो, म्हणून बंद करा? त्याला उद्या त्याच लोकांना तपासायचं असतं."

लोक तिची पत्रकं फाडत होते तेव्हा तिच्याकडे उत्तर होतं आणि ती ते गिळत होती. आणि मी तिला खुर्चीचा मोह झाला म्हणाले होते. मला स्वतःचा राग आला, आणि तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मी तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि तिला बस म्हणाले. त्या दिवशीच्या पोळ्या मी लाटल्या. नियम मोडून जेवताना राजकारणही काढलं, पण कुणाला फारसं जेवण गेलं नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी मी ब्रीडाकडे गेले. इथं शिक्का मारत नाहीत. उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीनं एक, दोन, तीन असे आकडे घालतात. मी तिला तोंडावर सांगितलं, "एक चित्राला देणार. तुला दोन."

"ग्रँड. मीही तेच केलं असतं," ती म्हणाली, आणि ह्या वेळी ते खरंच ग्रँड होतं. मग कपात बघत तिनं विचारलं, "तो खरंच एकटा होता त्या रात्री?"

"हो."

"मला वाटलं, आत कुणीतरी असेल. आत नेहमी कुणीतरी असतं असं वाटतं ना आपल्याला."

निकाल अपेक्षेप्रमाणेच लागला. सरकारी पक्ष जिल्ह्याभर आपटला. इथं एका गावातून बरेच जण निवडून जातात; आमच्याकडे शेवटच्या जागेसाठी चित्रा आणि ब्रीडा उरल्या आणि ब्रीडा निवडून आली. मोजणीच्या हॉलमध्ये लोकांनी तिला खांद्यावर घेतलं. चित्रानं जाऊन तिचे हात धरले, मग बाहेर गाडीत येऊन रडली. मीही रडले. स्वरांगीनं आम्हा दोघींना एकच टिश्यू दिला.

पण खरी गंमत दोन दिवसांनी झाली. सरकारला एवढा धक्का बसला की मंत्र्यांनी जाहीर केलं, योजना सोडलेली नाही, पण देशाच्या मोठ्या निवडणुकीपर्यंत अंमल नाही. रात्रीचे विभाग आहेत तसे चालू राहतील. गावानं गाड्यांचे भोंगे वाजवले. आहेत तसे म्हणजे कसे, हे कुणी विचारलं नाही. मोठे डॉक्टर वॉटरफोर्डलाच, आणि पुढे कधीतरी बंद होणारच आहे म्हणून इथं नवीन डॉक्टर नाही.

ब्रीडा केक घेऊन आमच्याकडे आली. मी तिला बस म्हटलं नाही. उभ्याउभ्याच म्हणाले, "दार उघडं राहिलं. आता आत दुसरा डॉक्टर आण. तू निवडून आलीयस, हे तुझं पहिलं काम."

"कौन्सिलच्या हातात नसतं ते, सुमित्रा," ती हळू आवाजात म्हणाली.

"मला ठाऊक आहे. दार उघडं ठेवणंही नव्हतं."

तिनं केक ओट्यावर ठेवला आणि चित्राला म्हणाली, "तू येशील माझ्याबरोबर? मला त्यांच्याशी कसं बोलायचं कळत नाही. तुला कळतं." चित्रानं पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि दोघी वही-पेन घेऊन टेबलाशी बसल्या.

आतल्या खोलीतून प्रताप बॅग घेऊन बाहेर आला. जूनमधली संध्याकाळ, बाहेर लख्ख ऊन होतं. तो रात्रपाळीला निघाला होता. एरवी मी दारात उभी राहून बघायची, माझा लेक गाव सांभाळायला निघाला म्हणून. आज मी दार अडवून त्याच्यासमोर उभी राहिले.

"भीती वाटली तर फोन कर," मी म्हणाले. "मी जागीच असते."

मला वाटलं, तो हसेल. त्यानं बूट घातले, बॅग उचलली आणि म्हणाला, "करेन, आई."