समोरच्या दुकानात चालतंय का?

नगर जिल्ह्यातल्या अकोल्यात बसस्टँडवरून बाजारतळाकडे जाताना गोरक्षनाथचं ऑनलाइन कामांचं केंद्र लागतं. दाखले, रेशनकार्ड, परीक्षांचे अर्ज, सगळं तिथे होतं. त्याच्या काचेच्या दारावर एक बोर्ड होता. ‘सर्व्हर डाऊन आहे. कृपया वाद घालू नये.’ कागदाचा बोर्ड सारखा फाटायचा म्हणून त्याने तो लॅमिनेट करून घेतला होता.

असा बोर्ड आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेला आहे. आपण तो वाचतो, मान हलवतो आणि घरी जातो.

जुलै महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास जॉर्ज भिंगारदिवे या केंद्रात बसले होते. एसटीच्या डेपोत तीस वर्षं मेकॅनिक म्हणून काम करून ते निवृत्त झाले होते. गावात त्यांना मिस्त्री म्हणत. ते बायकोचं नाव रेशनकार्डावरून कमी करायला आले होते. सारा जाऊन नऊ महिने झाले होते. हे काम त्यांनी आज करू, उद्या करू म्हणत लांबवलं होतं.

गोरक्षनाथने अर्ज भरला. ‘नाव कमी करण्याचे कारण’ या रकान्यात त्याने यादीतून ‘मृत्यू’ निवडलं. अर्ज लगेच गेला. मग त्याने पावतीची लिंक दाबली. गोल चक्र फिरू लागलं. पडदा पांढरा झाला. खिडकी बंद होईना, माऊस हलेना.

“पावती उद्या न्या मिस्त्री,” गोरक्षनाथ म्हणाला. “सर्व्हर डाऊन झालाय.”

मिस्त्री उठले नाहीत. उठणार होते, पण तेवढ्यात दार ढकलून एक म्हातारी आत आली. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पायाला चिखल होता.

“भाऊ, दाखला आला का?”

ही बनुबाई. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला तिची वाडी. मुलगी वारल्यावर नात रेश्मा तिनेच वाढवली. रेश्माला नगरला नर्सिंगला नंबर लागला होता, पण डोमिसाईलचा दाखला आज पाचच्या आत कॉलेजात दाखवला नाही, तर जागा पुढच्या मुलीला जाणार होती. पोरगी सकाळपासून तिथे ऑफिसच्या बाकावर बसून होती. हे सगळं बनुबाईने उभ्याउभ्या सांगितलं. तिची ही तिसरी खेप होती.

“मावशी, सर्व्हर बंद आहे,” गोरक्षनाथ म्हणाला. “दारावर लिहिलंय बघा.”

“मला वाचता आलं असतं तर तुझ्याकडं कशाला आले असते?” बनुबाई म्हणाली. “भाताची आवणी टाकून आलेय. चिखलात बाया तशाच उभ्या हायेत. पाचच्या आत पायजे म्हनत्यात.”

“मी तरी काय करू? सरकारचा सर्व्हर आहे. माझ्या हातात आहे का?”

बनुबाई खाली फरशीवरच बसली. तिने वाद घातला नाही.

मिस्त्रींनी काचेतून रस्त्यापलीकडे पाहिलं. मग म्हणाले, “गोरख, समोरच्या दुकानात चालतंय का?”

समोर रंगनाथचं तसंच केंद्र होतं. बोर्ड रस्त्यात कुणी किती पुढे लावायचा यावरून दोघांचं दोन वर्षांपूर्वी भांडण झालं होतं. तेव्हापासून बोलणं बंद.

“मला काय माहीत?” गोरक्षनाथ म्हणाला.

“विचारलं नाहीस?”

“त्याला मी कशाला विचारू?”

“गाडी बंद पडली की आधी बघायचं, रस्ता बंद आहे का आपली गाडी बंद आहे. बाकीच्या गाड्या जात असतील तर रस्त्याला शिव्या देऊन काय उपयोग?” असं म्हणून मिस्त्री उठले आणि रस्ता ओलांडून गेले. पाच मिनिटांनी आले. “चालतंय. तो आत्ता दाखला छापत होता. माझ्यासमोर छापला.”

गोरक्षनाथचा चेहरा उतरला. बनुबाई उठून उभी राहिली. “मंग मी तिकडं जाते.”

“तिकडे नाही निघणार मावशी,” तो हळू आवाजात म्हणाला. “ज्या केंद्रातून अर्ज भरला, दाखला त्याच्याच लॉगिनमधून निघतो.”

“म्हंजे आता तूच,” बनुबाई म्हणाली आणि परत खाली बसली.

मिस्त्रींनी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी घेतली. “मला कॉम्प्युटर येत नाही. पण बिघाड शोधता येतो. हे दरवेळी अडकतं का?”

“नाही. कधी कधी.”

“कधी कधी असं काही नसतं. कशावर अडकतं ते सांग. एकेक दाब, मी लिहितो.”

त्यांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर दोन रकाने पाडले. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. गोरक्षनाथ लिंका दाबत गेला. अर्जाचं पान उघडलं. अर्जांची यादी उघडली. बातम्यांचं पान उघडलं. तयार दाखल्यांची यादी उघडली आणि त्यात रेश्माचं नाव होतं. दाखला एकोणीस दिवसांपूर्वीच मंजूर झालेला होता. गोरक्षनाथने तिच्या नावापुढची लिंक दाबली. चक्र फिरलं, पडदा पांढरा झाला.

“दाखल्यावर अडकलं,” मिस्त्रींनी लिहिलं. “आता सरकारचं नसलेलं काहीतरी उघड. असाच छापायचा कागद.”

मशीन परत सुरू करून गोरक्षनाथने एका बियाण्याच्या कंपनीचं माहितीपत्रक उघडलं. तेही अडकलं. तो पडद्याकडे बघत राहिला. बियाण्याच्या कंपनीचा आणि सरकारच्या सर्व्हरचा काही संबंध नव्हता.

“पीडीएफ,” तो म्हणाला. “जिथे जिथे पीडीएफ उघडते, तिथेच अडकतंय.”

“मग सगळेच दाखले अडकले पाहिजेत. तू तर रोज थोडे देतोस.”

“सकाळी मशीन चालू केलं की पहिले दोन-तीन बहुतेक दिवशी निघतात. मग अडकायला लागतं. आज सकाळी निघाले, त्यानंतर मशीन जड झालं ते झालंच.”

“ते पहिले दोन-तीन कुणाचे निघतात?”

गोरक्षनाथ टेबलावरचे कागद सारखे करू लागला.

“सांग की.”

“आदल्या दिवशी फोन करतात त्यांचे. ओळखीचे. सरपंचांचा माणूस असतो, कोणी सोसायटीतला असतो.”

“आणि जीपने अकरानंतर येतात त्यांना बोर्ड.”

हे मिस्त्रींनी साध्या आवाजात म्हटलं. बनुबाई ऐकत होती. तिला पीडीएफ कळली नव्हती, पण हे कळलं. ती म्हणाली, “आमची जीपच अकराला येती बाबा. तिच्याआधी काय पाखरावर बसून यायचं?”

वाचकहो, गोरक्षनाथ दुष्ट माणूस नव्हता. म्हाताऱ्यांचे अर्ज तो स्वतः वाचून दाखवायचा. पण बिघाड झाला की तो कुणाच्या वाट्याला घालायचा, हे त्याने ठरवलं होतं. ठरवलंय हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. ज्यांचा फोन येत नाही, जे भांडत नाहीत, त्यांच्या वाट्याला तो आपोआप जात होता.

“मिस्त्री, मला खरंच सर्व्हर वाटायचा,” तो म्हणाला.

“वाटणारच. सर्व्हर म्हटलं की आपलं काम संपतं. वाकून बघावं लागत नाही.” मिस्त्रींनी पाकीट टेबलावर ठेवलं. “मागच्या वर्षी मी तुझ्याकडे आलो होतो. तुला आठवत नसेल. साराच्या हृदयाची झडप खराब झाली होती. नाशिकला ट्रस्टच्या दवाखान्यात सवलतीची खाट मिळणार होती, त्याला उत्पन्नाचा दाखला लागत होता. मी चार वेळा आलो. चारही वेळा तू म्हणालास सर्व्हर डाऊन. मी मान हलवून घरी गेलो.”

गोरक्षनाथने माऊसवरचा हात काढला.

“तुझ्यावर आरोप नाही करत. तीस वर्षं मी गाडीखाली झोपून बिघाड शोधला. ड्रायव्हर म्हणायचा, इंजिन गेलं, आणि मी म्हणायचो, थांब, बघू दे. आणि घरच्या माणसाची वेळ आली तेव्हा मी एकदा विचारलं नाही, कधीपासून बंद आहे, समोर चालतं का. शिकलेल्या माणसाने सांगितलं म्हणजे तसंच असेल, असं धरून चाललो. सारा म्हणायची, ‘पुन्हा जाऊन या, चिडू नका.’ मी चिडलो नाही. चिडायला पाहिजे होतं, असंही नाही. विचारायला पाहिजे होतं.”

बनुबाईने पदराने तोंड पुसलं. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

“आता काय करायचं ते तू सांग,” मिस्त्री म्हणाले. “ही गाडी तुझी आहे.”

गोरक्षनाथने डोकं खाजवलं. मग त्याला आठवलं, ब्राउझरची एक खाजगी खिडकी असते, तिच्यात वरून जोडलेलं काही चालत नाही, नुसता मूळ ब्राउझर चालतो. त्याने मशीन सुरू केलं, ती खिडकी उघडली, पुन्हा लॉगिन केलं. मोबाईलवर आलेला आकडा टाकताना त्याचा हात दोनदा चुकला. रेश्माच्या नावापुढची लिंक दाबली.

दाखला उघडला!

गोरक्षनाथने फाईल आधी रेश्माच्या मोबाईलवर पाठवली, मग तिला फोन लावून आवाज मोठा केला. “आला, आजी,” पलीकडून पोरगी म्हणाली. “बाई आत घेऊन गेल्या. थांब, ठेवू नको.” बराच वेळ नुसते खुर्च्यांचे आवाज येत राहिले. मग ती म्हणाली, “चढवला. झालं.” बनुबाई फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, “जेवली का सकाळपास्नं?”

फोन ठेवल्यावर तिने गोरक्षनाथला विचारलं, “आता कसा चालू झाला तुझा सरवर?”

आला एकदाचा, असं म्हणून त्याला सुटता आलं असतं. कोणी तपासायला येणार नव्हतं. तो खाली बघत म्हणाला, “मावशी, सर्व्हर बंद नव्हताच. माझ्याच मशीनमध्ये बिघाड होता. मी बघितलं नाही.”

“मंग तीन खेपा मी कुनाच्या नावानं घातल्या?”

“माझ्या.”

बनुबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. “बरं झालं बोललास. न्हाईतर मी सरकारलाच शिव्या देत बसले असते.” ती दाखल्याचा कागद पिशवीत घालून साडेतीनच्या जीपला गेली.

मिस्त्री मात्र गेले नाहीत. “कागद निघाला, बिघाड नाही निघाला,” ते म्हणाले. ब्राउझरला वरून पाच एक्स्टेंशन जोडलेली होती. एकेक काढायचं आणि प्रत्येक वेळी पाच-सहा दाखले ओळीने उघडून बघायचं, असं ठरलं. पहिली तीन काढून फरक पडला नाही. चौथं होतं पीडीएफचा आकार लहान करून देणारं. मागच्या वर्षी जून महिन्यात प्रवेशांची गर्दी होती, तेव्हा केंद्रवाल्यांच्या ग्रुपवर कोणीतरी फुकटचं म्हणून पाठवलेलं, आणि गोरक्षनाथने न बघता बसवलेलं. ते उघडणारी प्रत्येक पीडीएफ आधी स्वतःकडे ओढून धरत होतं. दोन-तीन झाल्या की त्याचं पोट भरायचं, मशीन बंद केलं तरी दुसऱ्या दिवसापर्यंत ते रिकामं व्हायचं नाही, आणि सगळं गुदमरायचं. ते काढल्यावर दाखले धडाधड उघडू लागले.

“आता ते परत बसव,” मिस्त्री म्हणाले.

“परत कशाला?”

“तेच होतं का नशीब होतं, हे कळायला नको?”

परत बसवलं, तिसऱ्या दाखल्याला अडकलं. पुन्हा काढलं, उघडलं. मग मिस्त्रींनी पाकिटावर एक रेघ मारली.

तयार होऊन पडून राहिलेल्या दाखल्यांची यादी गोरक्षनाथने उघडली. सदतीस नावं होती. बहुतेक वरच्या वाड्यांची. तो यादी खाली सरकवत गेला आणि एका ठिकाणी थांबला. मिस्त्रींनी चष्मा लावून वाचलं. त्यांचाच, जॉर्ज भिंगारदिवे यांचा उत्पन्नाचा दाखला होता तो. मंजुरीची तारीख नऊ ऑक्टोबर.

सारा सव्वीस ऑक्टोबरला गेली होती.

“सतरा दिवस,” मिस्त्री म्हणाले.

गोरक्षनाथ खुर्चीवरून उठला आणि त्यांच्या पायांकडे वाकला. मिस्त्रींनी त्याला दंडाला धरून वर घेतलं.

“ती वाचली असती असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनीही तसं म्हटलेलं नाही. पण ते सतरा दिवस तिचे होते, आणि ते तू आणि मी दोघांनी मिळून घालवले.” ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, “पाया पडून काय होणार? खाली बस. पुढचं नाव कोणाचं आहे?”

“राजूरचे कोणीतरी.”

“फोन लाव त्याला.”

दुकान बंद व्हायच्या आत तीस फोन झाले. सहा जणांचे नंबर लागले नाहीत. त्यांचे दाखले गोरक्षनाथ रविवारी मोटारसायकलवरून स्वतः देऊन आला. आता सकाळचे पहिले दाखले आदल्या दिवशी परत गेलेल्या माणसांचे निघतात, मग फोन कोणाचाही येवो. सरकारी साईट खरोखर बंद पडण्याचे दिवसही येतात. तेव्हा तो आधी रस्ता ओलांडून रंगनाथला विचारतो, आणि मगच लोकांना सांगतो. रंगनाथही आता त्याच्याकडे विचारायला येतो. पूर्वीसारखी दोस्ती झालेली नाही, पण काम होतं.

मित्रहो, यंत्र अडकलं तर त्यात लाज नाही. ते का अडकलं हे न बघता समोरच्याला परत पाठवणं, हा मात्र अन्याय आहे. कारण जो परत जातो त्याचे दिवस आपल्याला दिसत नाहीत. तुम्ही टेबलाच्या आतल्या बाजूला बसत असाल तर ‘होत नाही’ म्हणण्याआधी एकदा वाकून बघा. आणि बाहेरच्या बाजूला उभे असाल तर मान हलवून घरी जाऊ नका. भांडू नका, पण विचारा. कधीपासून बंद आहे, कशावर अडकतं, समोर चालतंय का, एवढं विचारायला शिक्षण लागत नाही. घरी आपली वाट बघणाऱ्या माणसासाठी आपण एवढं तरी करावं.