दोन रंगनाथ आणि नंदाताईंचं बोट

मी एक जुनी किल्ली आहे. मित्रांनो, कुलूप शोधू नका. मी संगणकात खोचायची, बोटाच्या पेराएवढी किल्ली. जन्मले कुठल्याशा कारखान्यात, पण माणसांत आले ती नारायण पेठेतल्या डॉ. दीपालींच्या दवाखान्यात.

तिथे एक एआय एजंट कामाला ठेवला होता. रुग्णांच्या नोंदी वाचायला त्याला पूर्ण मोकळीक होती. काही लिहायचं, बदलायचं किंवा पुसायचं झालं, की मात्र त्याने पडद्यावर विचारायचं. बाहेर बसणाऱ्या नंदाताई ते नीट वाचून माझ्यावर बोट टेकवायच्या, मी हिरवी उजळायचे, मगच नोंद बदलायची. "ही चिमुरडी आहे म्हणून मला झोप लागते," असं डॉक्टर म्हणाल्या, की मी फुलून जायचे.

पुढे एजंट उठसूट विचारू लागला. भेटीची आठवण पाठवू? उद्याची यादी लावू? नंदाताई कंटाळल्या. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हाताचं बोट माझ्यावर आणि डोळे दारातल्या गर्दीवर! माझा रंग उडाला, फटीत बिस्किटाचा चुरा बसला. मला फार वाईट वाटायचं. पण मित्रांनो, मला बोट कळतं, डोळे कळत नाहीत.

अशातच एजंटाने विचारलं, 'रंगनाथ माधव दाणी यांच्या दोन नोंदी दिसतात. पत्ता एक, फोन एक. एकत्र करू?' नंदाताईंनी न वाचताच बोट टेकवलं. आता दाण्यांकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवलेलं. पणजोबा माधव, आजोबा रंगनाथ, मुलगा पुन्हा माधव, त्याचा मुलगा पुन्हा रंगनाथ. झाली दोघांची मिळून एक नोंद!

आठवडाभरात भाग्यश्री दाणी आपल्या तापाने फणफणलेल्या मुलाला, धाकट्या रंगनाथला, घेऊन आल्या. डॉक्टरांनी नोंद पाहिली आणि औषध लिहायला घेतलं.

"अहो डॉक्टर, हे नको! मागे याने अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला होता. तुम्हीच लिहून ठेवलंत ना?"

डॉक्टरांचा हात जागीच थांबला. नोंदीत तर 'कुठल्याही औषधाचं वावडं नाही' असं होतं. ती ओळ आजोबांची होती. नातवाची पुसली गेली होती.

"नंदाताई, हे कसं झालं?"

"परवानगी मीच दिली, मॅडम. वाचलं नाही." नंदाताईंचे डोळे भरून आले.

डॉक्टर रागावल्या नाहीत. जुन्या प्रतीवरून दोन्ही नोंदी परत आणल्या. आठवणी, याद्या अशी किरकोळ कामं एजंटाने परस्पर करावीत असं ठरलं. रुग्णाच्या नोंदीला हात लावायचा, तर जुनं आणि नवं शेजारीशेजारी दाखवून विचारायचं. त्यामुळे आता मला काम थोडं असतं, पण खरं असतं.

परवा एजंटाने पुन्हा तोच प्रश्न आणला. दोन रंगनाथ, एकत्र करू? नंदाताईंनी कप खाली ठेवला, चष्मा चढवला आणि सगळं मोठ्याने वाचलं.

"दात दोघांचेही पडलेत खरे," त्या एजंटाला म्हणाल्या, "पण तेवढ्यावरून आजोबा आणि नातू एक होत नाहीत हो."

मित्रांनो, मला एक वेळ पुसू नका, फुंकरही मारू नका. पण बोट टेकवण्याआधी वाचत जा. त्या दिवशी नंदाताईंचं बोट माझ्यापर्यंत आलं आणि न टेकताच मागे फिरलं. इतका मान मला आजवर कधी मिळाला नव्हता.