बत्तीवाली

सकाळी अकराच्या सुमारास भिलाईच्या रुआबांधा वस्तीतल्या घराची कडी वाजली, तेव्हा अंजनाबाई पालक निवडत बसल्या होत्या. दारात साठी ओलांडलेला उंच माणूस उभा होता, हातात कागदाची पुडी.

"मी शामसुंदर. रेल्वेतून रिटायर झालो. तुमच्या पोरानं, भूषणनं, रेल्वेवाल्यांच्या ग्रुपवर बत्तीचा फोटो टाकला होता ना, वात पाहिजे म्हणून? घेऊन आलो."

अंजनाबाईंचा चेहरा उजळला. त्यांचे मालक पुंडलिक दुर्ग लाइनीवर गेटमन होते. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. यंदा तिथीला त्यांची हातबत्ती एकदा पेटवावी, एवढंच बाईंच्या मनात होतं. पण जुनी वात हात लावताच भुसा झाली, आणि तशी चपटी वात भिलाईत कुठं मिळेना.

त्यांनी बत्ती बाहेर आणली. लोखंडी डबा, पुढं जाड भिंग, आत फिरवता येणाऱ्या लाल आणि हिरव्या काचा. बाईंनी सुईनं बर्नरची बारीक भोकं मोकळी केली, वात ओवली, कात्रीनं सरळ कापली आणि दोन्ही कोपरे जरासे उडवले.

"कोपरे कावून कापले?" शामसुंदरनं विचारलं.

"नाही कापले तर ज्योतीले शिंगं फुटतात, भाऊ. मग धूर होते, भिंगावर काजळी धरते. अन् खालची भोकं बुजली का हवाच भेटत नाही, बत्ती गुदमरते." टाकीत घासलेट ओतताना त्यांनी वर बोटभर जागा सोडली. "आता अर्धा तास बसा. वातीले तेल पिऊ द्या. कोरडी पेटवली तर वातच जळते. भिजली असली तर तेल जळते, वात तशीच राहते."

चहा झाला. शामसुंदरनं बत्तीच्या भिंगावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "वहिनी, मी फक्त वात द्याले नाही आलो. अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट हाय. मी तवा असिस्टंट ड्रायव्हर होतो. कोळशाची मालगाडी घेऊन येत होतो. मे महिना, दिवस मावळताना असं वादळ सुटलं, का समोरचं काही दिसेना. वळणावर एक लाल ठिपका हलताना दिसला. ब्रेक मारला. गाडी थांबली, तवा पुढं दोनशे पावलांवर चिंचेचं झाड रुळावर आडवं होतं."

"मालूम हाय," बाई हळूच म्हणाल्या. "त्याच्यासाठी ह्यायले शाबासकीचा कागद भेटला होता, साहेबाच्या सहीचा." फ्रेम करून तो कागद त्यांनीच भिंतीवर लावला होता.

"त्या हवेत बत्ती विझली असती तर मी आज इथं नसतो. माही पोरगी तवा दोन महिन्यांची होती. खाली उतरून मी पुंडलिकभाऊंचे पाय धरले. त्यांनी मले उठवलं अन् म्हणाले, 'पाया पडाचं असंन तर माह्या घरच्या बत्तीवालीच्या पड. रोज दुपारी लेकराले न्हाऊ घालावं तशी ते बत्ती साफ करते. मी फक्त हात हलवला.'"

बाईंनी बत्ती जवळ ओढली.

"झाड हटवलं, सिग्नल भेटला, निघा लागलं. दुसऱ्या महिन्यात बिलासपूरला बदली झाली. तुमचं नावही मालूम नव्हतं. परवा फोटोखाली पुंडलिकभाऊंचं नाव वाचलं."

अंजनाबाईंना ती संध्याकाळ लख्ख आठवली. मालक ओलेचिंब घरी आले होते. झाडाचं सांगितलं, आणि बत्ती पुढं करत एवढंच म्हणाले होते, "तेल भर." पुढच्या इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्द बाईंनी ऐकला नव्हता, आणि ऐकायची वाटही पाहिली नव्हती. काचा पुसायच्या त्या गाडीसाठी, गाडीतल्या माणसांसाठी. पण तो माणूस सगळं पाहत होता. पाहून परक्यापाशी बोललाही होता.

त्यांनी डोळे पुसले, काडी ओढली. आधी ज्योत बारीक ठेवली, डबा जरा तापल्यावर चावी फिरवून वाढवली. पिवळी, सरळ ज्योत. शामसुंदरनं काच फिरवली, तसा भर दिवसा भिंतीवर लाल गोळा उमटला. तो वाकला आणि त्यानं बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अजी, काय करून राहिले भाऊ! उठा." बाईंनी त्याला खांद्याला धरून उठवलं. "उपकार तर तुमचे हाय. मले हे कोणी सांगितलं असतं?"

पदर खोचून त्या पालकाची परात घेऊन उठल्या.

"दोन वाजता भूषण ड्युटीवरून येईन. जेवल्याबिगर जायचं नाही. अन् ते काय म्हणाले होते, ते त्याच्यासमोर पुन्हा एक डाव सांगा. अक्षर न् अक्षर सांगा."