डावा पाय

जयाला आधी साधा ताप आला, घसा दुखला, उलट्या झाल्या. ताप उतरला तेव्हा वडगावातल्या तिच्या विणकर घरात सर्वांनी दुखणे संपले असे मानले. मग ताप परतला. मान ताठली, आणि सकाळी अंथरुणातून उठताना उजवा पाय तिच्याखाली दुमडला.

दुपारी डॉक्टर येऊन गेले. पोलिओ, ते म्हणाले. तो तोंडावाटे पोटात जातो, आजाऱ्याच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि न धुतलेल्या हातांनी, पाण्यातून पसरतो. बहुतेक पोरांना नुसता ताप येतो. एखाद्याच्याच कण्यातल्या मज्जातंतूंना तो धरतो.

"औषध नाही. ताप आहे तोवर दुबळेपणा कुठवर चढेल, सांगता येत नाही. डावा पाय अजून चांगला आहे. सपाट निजवा. मालिश नको, पाय चालवणं तर मुळीच नको."

जयाची आई यल्लव्वा विहिरीवरून परतली, तेव्हा अंथरूण रिकामे होते आणि आत माग अडखळत वाजत होता. विणकर पाय सोडून बसतो त्या मागाच्या खड्ड्यात तिचा नवरा तम्मण्णा पोरीला काखेत धरून उभा होता. तिची दोन्ही पावले खालच्या पावड्यांना, पायाने दाबायच्या पट्ट्यांना, चिंधीने बांधलेली होती.

"आवं, काय चाललंय हे?"

"पाय सुंद झालाय," काठावरून सासरा यमनाप्पा म्हणाला. "जल्म खड्ड्यात गेला माझा. मुंग्या आल्या की पावडी दाबायची, रगत फिरतंय. डॉक्टरच्या बानं माग बघितलाय व्हय?"

"मग डावा कशाला बांधलाय?"

"एका पावडीवर माग चालतोय व्हय?" तम्मण्णा म्हणाला.

यल्लव्वाने वाकून उजव्या पोटरीला चिमटा काढला. जया किंचाळली.

"सुंद पायाला चिमटा कळतोय व्हय, मामंजी? हिला समदं कळतंय. निस्तं हलवता येत न्हाय."

म्हातारा काठावरून मागे सरला. तम्मण्णा मात्र थांबेना. "आज सोडलं तर जल्माची लंगडी हुईल. जया, डावा दाब."

पावडी अर्ध्यावर गेली आणि वर आली.

"सोंग करू नगं गं. मगाशी दाबलीस की!"

"अव्वा, जात न्हाय खाली," जया आईकडे बघत म्हणाली.

यल्लव्वाने कोनाड्यातली कात्री उचलली आणि मागावरच्या ताण्याला, ताणलेल्या उभ्या धाग्यांना, लावली. महायुद्धामुळे सूत मिळणे दुरापास्त झाले होते, आणि विणत असलेला ताणा कापणे त्या घरात मरणाइतके अशुभ होते.

"सोडा तिला. न्हायतर कापते."

"तुझ्यानं व्हायचं न्हाय," तम्मण्णा म्हणाला आणि त्याने पुन्हा जयाचा गुडघा दाबला.

यल्लव्वाने कात्री चालवली. ताणलेले धागे सटकन मागे उडाले. म्हातारा ओरडला, "घर बुडवलंस गं!" तम्मण्णाने जयाला काठावर टेकवले आणि दोन्ही हातांनी धागे धरायला झेपावला. तुटला धागा धरायचा, ही लहानपणापासूनची सवय होती. तेवढ्यात यल्लव्वाने चिंध्या सोडल्या, मानेखाली हात घालून पोरीला उचलले आणि मागाशेजारच्या लाकडी फळीवर सपाट निजवले.

मग मुठीत धाग्यांचा गुंता घेऊन तम्मण्णाने खड्ड्यातूनच विचारले, "डावा... हलतोय का?"

"जया, बोटं हलव बघू."

बोटे हलली. गुडघा हलला नाही. कपाळ तर अजून तापलेलेच होते.

"वर या," यल्लव्वा म्हणाली. "इथं दारात बसा. हिच्या पायाला कुणी हात लावायचा न्हाय. तुमीबी न्हाय."

त्याने सूत तिथेच टाकले आणि येऊन उंबऱ्यावर बसला.